सात महिने समुपदेशन चालू आहे, हलकं वाटतं पण फरक पडत नाही. पद्धत चुकतेय का?

कागदी_होडी

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सात महिन्यांपासून एका समुपदेशक बाईंकडे जातेय. आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं. झोप लागत नव्हती आणि डोकं सतत चालू, म्हणून सुरू केलं होतं. आधीच सांगते, बाई खूप चांगल्या आहेत. मधेच तोडत नाहीत, मी रडले तर घाई करत नाहीत, सल्ले तर कधीच देत नाहीत. मी जे बोलते तेच जरा वेगळ्या शब्दांत माझ्यासमोर ठेवतात आणि त्यातून कधीकधी मलाच माझं काहीतरी नव्याने कळतं. आयुष्यात इतकं नीट मला कोणी ऐकलेलं नाही. बाहेर पडते तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतं. पण दोन दिवस, फार तर तीन, की परत तेच विचार आणि तीच झोप.

माझी एक मैत्रीण सीबीटी घेतेय, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी. तिच्याकडे वही आहे, रकाने पाडलेले, दर आठवड्याला होमवर्क, आणि तिला दहा-बारा सेशनमध्ये चांगला फरक पडला. ती म्हणाली तुझं चाललंय ती थेरपी नाहीच, त्या गप्पा आहेत. ते मला फार लागलं, कारण गप्पा काय असतात ते मला माहितीये आणि हे ते नाही. पण मग फरक का पडत नाही हेही आहेच ना.

म्हणून शोधायला बसले तर नावांचाच ढीग, सीबीटी डीबीटी एसीटी ईएमडीआर सायकोडायनॅमिक व्यक्तिकेंद्रित नॅरेटिव्ह, आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलंय की ही पद्धत चिंता, नैराश्य, नातेसंबंध, आत्मविश्वास सगळ्यावर उपयोगी. मग निवडायचं कसं? यांच्यात खरंच फरक असतो की पाट्या वेगळ्या आणि आत सगळं सारखंच? आणि बाईंना हे विचारलं तर त्यांना वाईट वाटेल का? सोडायचा विचार जरी आला तरी मला अपराधी वाटतं, एवढं त्यांनी केलंय माझ्यासाठी.

ओव्हरथिंकिंग म्हणजे माझं साधारण असं की ऑफिसचा मेल पाठवला की त्यात कोणाला लागेल असं तर काही गेलं नाही ना हे बघायला तो परत परत उघडते, रात्री झोपतानासुद्धा. बाकी घरी सगळं ठीक आहे.


जुना_वाचक

कागदी_होडी, फरक असतो, आणि आत बरंचसं सारखंही असतं. दोन्ही सांगतो. मी या व्यवसायातला नाही, भावाच्या आजारपणात या विषयात शिरलो आणि गेली पंधरा वर्षं वाचतोय.

तुमच्या वर्णनावरून बाई कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जातायत असं दिसतं, म्हणजे व्यक्तिकेंद्रित पद्धत. त्याच्या आधी खोलीत सगळं कळणारा एकच, तो म्हणजे समोर बसलेला डॉक्टर, तो तुमच्या बोलण्याचा अर्थ लावणार आणि तुम्ही तो घेणार. रॉजर्सने हे उलटं केलं. त्याने पेशंट हा शब्द टाकून क्लायंट म्हणायला सुरुवात केली, आणि १९५७ च्या लेखात माणूस बदलण्यासाठी सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन थेरपिस्टसाठी आहेत: समोरच्याला बिनशर्त स्वीकारायचं, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यायचं, आणि स्वतः मुखवटा घालून बसायचं नाही. या अटी पाळल्या गेल्या की बाकी वेगळं काही करायची गरज नाही असं त्याचं ठाम म्हणणं होतं. सल्ले न देणं, तुमचंच बोलणं तुमच्यापुढे ठेवणं, हे दिसायला सोपं वाटतं पण करून बघा, दहा मिनिटांत आपण सल्ला देऊन मोकळे होतो. त्यामुळे मैत्रिणीचं गप्पा म्हणणं चूकच. आणखी एक गोष्ट मला या माणसाची फार आवडते, थेरपीच्या भेटी रेकॉर्ड करून त्यातली एक अख्खी केस शब्दन् शब्द त्याने १९४२ च्या पुस्तकात छापली. तोवर बंद दाराआड काय झालं हे थेरपिस्ट सांगेल तेच खरं मानावं लागायचं.

आता मैत्रिणीची सीबीटी. ॲरन बेक मुळात फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात तयार झालेला सायकियाट्रिस्ट. तेव्हा समज असा की नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग. बेक ते सिद्ध करायला निघाला, नैराश्यातल्या लोकांची स्वप्नं तपासली, आणि त्यात राग सापडेना, सापडलं ते हरणं आणि गमावणं. मग त्याच्या हेही लक्षात आलं की पेशंट कोचावर पडून एक बोलत असतो आणि त्याच वेळी डोक्यात दुसरंच काहीतरी चालू असतं, जसं की माझं ऐकून डॉक्टरांना कंटाळा येत असणार. हे विचार इतके पटकन येऊन जातात की माणसाला ते विचार वाटतच नाहीत, वस्तुस्थिती वाटते. त्याने त्याला स्वयंचलित विचार म्हटलं. मैत्रिणीच्या वहीतले रकाने ते विचार पकडायचं जाळं आहे. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिसने विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली होती, तीही याच घराण्यातली, फक्त एलिस थेट भिडायचा आणि बेक प्रश्न विचारत विचारत न्यायचा असं म्हणता येईल.

पण कुठली चांगली हा वाद जुना आहे. १९३६ सालीच सॉल रोझेनझ्वाइगने लिहिलं होतं की सगळ्या पद्धतींचे निकाल जवळपास सारखेच येतात तर मग गुण बहुतेक त्यांच्यातल्या सामाईक गोष्टींचा असावा. पुढे १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास या दोघांनी ३७५ अभ्यास एकत्र करून पाहिले, थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बरा निघाला, आणि पद्धतींमधला फरक मात्र फारच थोडा.

म्हणून माझं मत, नावांच्या मागे धावू नका. माणूस चांगला मिळालाय तर टिकवा.


उंबरठा

जुना_वाचक छान लिहिलंत. मी दुसऱ्या बाजूने सांगते कारण मी दोन्ही घेतलंय.

मला आधी पॅनिक अटॅक यायचे, त्यासाठी सीबीटी घेतली, चार महिन्यांत अटॅक गेले, खरंच गेले, त्या थेरपिस्टचे उपकार आहेत माझ्यावर. पण दोन वर्षांनी लक्षात आलं की मी प्रत्येक नात्यात तेच करतेय, समोरच्याची सगळी काळजी घ्यायची, स्वतःचं काही मागायचं नाही आणि मग एक दिवस मनातून निघून जायचं, त्याला कळतही नाही का. हे कुठल्या रकान्यात लिहू? मग सायकोडायनॅमिक थेरपी सुरू केली, अडीच वर्षं चालली.

त्यात काय होतं ते एका गोष्टीवरून सांगते. मी दर वेळी आत गेले की सरांना विचारायचे, दमलायत का, आज कमी वेळ बसू का. मला वाटायचं मी समजूतदार आहे. बरेच महिने सर नुसते नाही म्हणायचे, मग एकदा त्यांनी विचारलं की इथे तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या वेळातही तुम्हाला माझी काळजी का घ्यावी लागते. मी गप्प. मग घरी जाईपर्यंत रडत होते, कारण आईच्या आजारपणात लहानपणी मी खोलीत शिरताना हाच प्रश्न घेऊन शिरायचे. म्हणजे जे बाहेर सगळ्यांशी होतं तेच त्या खोलीत सरांशी होत होतं, आणि तिथे ते दोघांना मिळून बघता आलं. याला इंग्रजीत ट्रान्सफरन्स म्हणतात, ही कल्पना फ्रॉइडची. फ्रॉइडच्या बऱ्याच गोष्टी आज कोणी मानत नाही पण ही टिकली, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर हीच उपयोगी पडली.

कागदी_होडी, तुम्ही लिहिलंय की सोडायच्या विचारानेही अपराधी वाटतं, एवढं त्यांनी केलंय. मला तर ते वाक्य तुमच्या मेलच्या प्रश्नाएवढंच महत्त्वाचं वाटलं. कोणाला लागेल का ही भीती तिथेही आहे आणि इथेही. बाईंना हेच सांगा, जसंच्या तसं. सात महिने म्हणजे फार नाहीत हो.


नवखा२२

मधे घुसतोय, माफ करा. सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह विचार करायला शिकवतात ना? मला ते कधीच जमलं नाही म्हणून मी गेलोच नाही.


जुना_वाचक

नवखा२२, नाही, हा गैरसमज फार लोकांचा असतो. तिथे तुमच्या विचाराला पुरावा मागतात. माझं काहीच बरं होणार नाही असा विचार आला तर सगळं छान होईल असं म्हणायला लावत नाहीत, कशावरून असं वाटलं, याच्या विरुद्ध काही घडलंय का, आणि हे तपासायला या आठवड्यात काय करून बघता येईल, असं चालतं. पुरावा विचाराच्या बाजूने निघाला तर तेही मान्य करतात आणि मग प्रश्न सोडवायच्या मागे लागतात. आणि विचारांचं काम जमत नसेल तरी वाट बंद नाही, १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले तेव्हा नैराश्यात नुसता वागण्याचा भाग, म्हणजे बंद पडलेल्या गोष्टी ठरवून परत सुरू करणं, हा अख्ख्या सीबीटीइतकाच उपयोगी ठरला होता.


पाणपक्षी

मी बारा वर्षं समुपदेशन करते. इथे कोणाचं निदान करता येत नाही आणि करणारही नाही, तरी कागदी_होडी तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर मी थांबले.

आधी जुना_वाचक यांच्याशी थोडी असहमती. सरासरीत सगळ्या पद्धती जवळ जवळ येतात कारण सरासरीत सगळ्या तक्रारी एकत्र ओतलेल्या असतात. दुःख, एकटेपणा, नात्यातली ओढाताण, सौम्य ते मध्यम नैराश्य, इथे माणूस आणि नातं खूप काम करतं, पद्धत त्या मानाने कमी. पण काही तक्रारींत तसं नसतं. विशिष्ट भीती असेल तर त्या गोष्टीच्या हळूहळू जवळ जावंच लागतं, मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका तीनेक वर्षांच्या मुलाबरोबर हे केलं होतं, ससा दर वेळी थोडा थोडा जवळ, शेवटी मूल त्याला कुरवाळायला लागलं. नुसतं सशाबद्दल बोलून ते झालं नसतं. मोठ्या आघातानंतर पीटीएसडी, म्हणजे त्या आघाताचा मागे राहिलेला मानसिक त्रास असेल तर आघातावर केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर (यात आठवणीवर काम करताना डोळे ठरावीक तऱ्हेने हलवायला लावतात), जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सूचनांत या दोन्हींची नावं घेतलीत. जुनाट निद्रानाशासाठी सीबीटीचाच एक वेगळा प्रकार आहे ज्यात अंथरुणात जागं पडून राहायची वेळच कमी करतात, पहिले दोन आठवडे त्रासाचे जातात पण तो उपयोगी पडतो. स्वतःला इजा करणं, भावनांचे फार टोकाचे झोके, यासाठी डीबीटी, ज्यात अशा वेळी स्वतःला सांभाळायची कौशल्यं शिकवतात. आणि मंत्रचळ म्हणजे ओसीडी, त्यासाठी ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण सुटकेसाठी करतो ती कृती करायची नाही. या ठिकाणी कोणतीही पद्धत चालेल असं म्हणणं पेशंटच्या नुकसानीचं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण वर्षं जातात.

उलट काही गोष्टी करूच नयेत हेही माहीत असू द्या. अपघात किंवा हल्ल्यानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सगळं बोलून टाकायला लावणं, याने फायदा होत नाही आणि काहींना त्रास वाढतो. आणि तुमच्या मनात एखादी दडलेली आठवण असणारच असं ठरवून ती खणून काढायला बसणारा कोणी भेटला तर तिथून उठा.

आता तुमचं. तीन प्रश्न विचारते, इथे उत्तर नाही दिलं तरी चालेल, स्वतःशी द्या. मेल परत उघडून वाचल्यावर बरं वाटतं का, आणि ते बरं वाटणं किती वेळ टिकतं? घरच्या कोणाला वाचायला देता का, ठीक आहे ना असं विचारता का? आणि मेल सोडून आणखी कुठे असं होतं का, जिथे आपल्या हातून कोणाला काही झालं तर नाही ना हे तपासल्याशिवाय राहवत नाही?

हे विचारायचं कारण असं. तपासलं की सुटका होते, सुटका झाली की मेंदू शिकतो की तपासलं म्हणूनच निभावलं, आणि पुढच्या वेळी शंका आणखी जोराने येते. असं चक्र असेल तर समजूत घालणं, मग ती कितीही मायेने घातलेली असो, त्या तपासण्याचाच एक प्रकार होऊन बसते. सेशननंतर दोन दिवस हलकं आणि मग परत तेच, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा माझ्या मनात हीच शंका आली.

बाईंना विचारायचं कसं: माझ्या त्रासाबद्दल तुमची समज काय आहे, आपण जे करतोय ते त्यावर कसं काम करणार आहे, आणि ते होतंय की नाही हे आपण कशावरून ओळखायचं. एडवर्ड बोर्डिनने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले, जिव्हाळा, कुठे जायचंय यावर एकमत, आणि त्यासाठी काय करायचं यावर एकमत. तुमच्याकडे पहिला भरभरून आहे. बाकीच्या दोनांवर कधी बोलणंच झालेलं नाही असं दिसतं. कोणी मला हे विचारलं की मला वाईट वाटत नाही, खरं सांगायचं तर हायसं वाटतं, जे लोक न विचारता एक दिवस यायचे बंद होतात त्यांचीच रुखरुख लागून राहते.

आणि सगळ्यांसाठीच, जगणं नको असं वाटत असेल, जीव द्यायचे विचार येत असतील तर पद्धतींचा शोध नंतर, आधी त्याच दिवशी डॉक्टर.


कागदी_होडी

पाणपक्षी ताई, तुमचे तीन प्रश्न वाचून मी फोन उलटा ठेवला आणि तासभर हात लावला नाही.

हो. नवऱ्याला मेल वाचायला देते. तो ठीक आहे म्हणाला की पाच मिनिटं बरं वाटतं, मग वाटतं त्याने नीट वाचलाच नसेल, परत देते. तो बिचारा कंटाळत नाही. आणि दुसरं हे की गाडी चालवताना खड्ड्यात चाक गेलं की मला वाटतं कोणाला तरी धडकले, आरशात बघते, तरी समाधान होत नाही, परत फिरून जाऊन बघून येते. कधी दोनदा कधी तीनदा. मागच्या महिन्यात याच्यामुळे ऑफिसला पाऊण तास उशीर झाला आणि मी ट्रॅफिक होतं म्हणून सांगितलं. हे बाईंना सात महिन्यांत सांगितलेलं नाही. का ते सांगता येत नाही, वेडेपणा वाटतो म्हणून असेल. त्यांच्याकडे मी सासरचं, नोकरीचं, लहानपणाचं सगळं बोलते आणि हे मात्र टाळते. आणि हो, दर सेशनला मी कुठल्या ना कुठल्या वाटेने येऊन हेच विचारते की मी वाईट माणूस तर नाही ना. त्या हो किंवा नाही म्हणत नाहीत पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला नाही असं उत्तर मिळतं आणि तेच घेऊन मी घरी येते. ते दोन दिवस पुरतं.

हे ओसीडी असू शकतं हे कधी डोक्यातच आलं नाही, मला वाटायचं ओसीडी म्हणजे हात धुणं.


दोन_पावलं

कागदी_होडी ताई, मी एरवी इथे लिहीत नाही पण तुमचं गाडीचं वाचून राहवलं नाही. मला ओसीडी आहे, निदान झालेलं, कुलूप आणि गॅस. आणि त्याआधी चार वर्षं मी चांगल्या चांगल्या लोकांकडे बोलत होतो. त्यांचा दोष नाही, मीच अर्धं सांगायचो. लाज वाटते ना.

ईआरपी म्हणजे काय ते सांगतो कारण नाव ऐकून मी फार घाबरलो होतो. दोन भाग आहेत, ज्याची भीती आहे त्याच्या समोर जायचं, आणि गेल्यावर जे करून सुटका मिळवतो ते करायचं नाही. दुसरा भागच खरा. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयरने दोन पेशंटवर हे करून छापलं, तेव्हा ते हॉस्पिटलात ठेवून केलं होतं, नर्स लक्ष ठेवायच्या. माझं साध्या खोलीत आणि घरी झालं.

पहिले तीन सेशन नुसती यादी केली. काय केलं की किती अस्वस्थ वाटेल, शून्य ते शंभर. एकदाच कुलूप ओढून बघून निघणं ४०. अजिबात न ओढता निघणं ६५. न ओढता निघून दिवसभर घरच्यांना फोन न करणं ८५. कुठून सुरुवात करायची ते मी ठरवलं, थेरपिस्टने जबरदस्ती एकदाही केली नाही, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या दिवशी कुलूप एकदाच ओढून जिना उतरलो आणि खाली तसाच उभा राहिलो, हाताला घाम, पोटात गोळा, वर जायला पाय उचलला होता. तेव्हा थेरपिस्ट म्हणाल्या, कुलूप लागलंय असं स्वतःला सांगू नका. मला कळेना. त्या म्हणाल्या, लागलं असेल किंवा नसेल असं म्हणा. हे सगळ्यात अवघड होतं, कारण मनात स्वतःची समजूत घालणं हेसुद्धा तपासणंच असतं, फक्त ते दिसत नाही. अस्वस्थपणा दर वेळी खाली येतोच असंही नाही, कधी येतो कधी तासन् तास येत नाही, पण तो असताना मी ऑफिसला जाऊन काम करू शकतो हे शिकणं म्हणजेच ते काम.

पाच महिने लागले. आजही शंका येते. पण पूर्वी सकाळचा दीड तास जायचा तो आता जात नाही.

माझ्या थेरपिस्ट एसीटीतलंही थोडं वापरायच्या, म्हणजे शंकेशी भांडायचं नाही, ती गाडीत मागच्या सीटवर बसली तर बसू दे, स्टिअरिंग आपल्या हातात. तुमच्यासाठी तर हे अगदी शब्दशः होईल.


उंबरठा

मला माझं आधीचं थोडं मागे घ्यावंसं वाटतंय. सात महिने फार नाहीत असं मी सहज लिहून गेले. अपराधीपणाबद्दल बाईंशी बोला हे अजूनही म्हणेन, पण गाडी परत फिरवण्याच्या बाबतीत आधी पाणपक्षी म्हणतायत तेच.


जुना_वाचक

आणि मीही. टिकवा म्हणताना मी तपासण्याचा मुद्दा वाचूनही सोडून दिला होता. यावर एक आठवलं, मार्शा लिनेहानने डीबीटी घडवली ती याच पेचातून, नुसतं बदला बदला म्हटलं की तिच्या पेशंटना वाटायचं आपल्यालाच दोष देतायत, आणि नुसतं स्वीकारलं की वाटायचं आपलं दुःख कोणी मनावरच घेत नाही. तिने दोन्ही एकाच थेरपीत आणले. २०११ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी ती स्वतः मानसिक आजारासाठी हॉस्पिटलात होती. तुमच्या बाईंकडून स्वीकार मिळालाय, तो वाया गेलेला नाही, आज हे इथे लिहू शकलात त्यात तो आहे असं मला वाटतं.

औषधांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून, ओसीडीत एसएसआरआय गटाची औषधंही देतात, नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त डोस लागतो आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात. भावाने तिसऱ्या आठवड्यात उपयोग नाही म्हणून स्वतःहून बंद केली होती, तसं कोणी करू नका. थेरपिस्टबरोबर एकदा सायकियाट्रिस्टलाही भेटा.


कागदी_होडी

सहा आठवड्यांनी लिहितेय. कोणी वाट बघत असेल तर उशिराबद्दल माफी.

बाईंना सगळं सांगितलं. तोंडाने जमेना म्हणून इथलं माझंच दुसरं लिखाण त्यांना वाचायला दिलं आणि खिडकीकडे बघत बसले. त्यांनी वाचलं, थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की हे सात महिने एकटीने वागवलंत. मग म्हणाल्या मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. मला वाटलं होतं त्या दुखावतील आणि मी माफी मागत बसेन, तसं काहीच झालं नाही. ईआरपीचं प्रशिक्षण त्यांचं नाही असं त्यांनी सरळ सांगितलं आणि दोन नावं दिली. एक शेवटचं सेशन ठरवून केलं, निरोपाचं. त्यात मी पहिल्यांदा मी वाईट आहे का असं विचारलं नाही. विचारावंसं खूप वाटलं.

सायकियाट्रिस्टकडे जाऊन आले, ओसीडीच म्हणाले, औषध सुरू आहे, पाचवा आठवडा. नव्या थेरपिस्टकडे यादी झाली. सगळ्यात खाली, ३५ वर, घरातल्याच माणसाला एक साधा मेसेज परत न वाचता पाठवणं. ते करतेय. ऑफिसचा मेल ६० वर आहे, गेल्या आठवड्यात एक पाठवला आणि संध्याकाळपर्यंत उघडला नाही, संध्याकाळी उघडला. गाडी ९० वर आहे, तिथे अजून पोचलेले नाही. झोप तशीच आहे. पण ते दोन दिवस हलकं आणि मग धपकन खाली असं जे व्हायचं ते कमी झालंय, आता सगळेच दिवस थोडे थोडे जड आहेत आणि थेरपिस्ट म्हणतात की सध्या हेच अपेक्षित आहे.

एक विचारायचंय, दोन_पावलं दादा. नवऱ्याला सांगितलंय की मी मेल वाचायला दिला तर वाचू नकोस. पण मी अगदी रडकुंडीला येते तेव्हा त्याला बघवत नाही, आणि नुसतं नाही म्हटलं की मला तो रागावलाय असं वाटतं आणि मग तो वेगळाच विषय होतो. तुमच्या घरी काय ठरवलं होतं?


दोन_पावलं

ताई, आमच्याकडे याच्यावर एक अख्खं सेशन झालं होतं, बायकोला बरोबर बोलावून. तुम्हीही नवऱ्याला एकदा घेऊन जा, फार फरक पडतो.

आधी ती नुसती नाही म्हणायची आणि मी चिडायचो. मग आम्ही दोघांनी मिळून वाक्य ठरवलं, मी शांत असताना, माझ्याच शब्दांत. ती म्हणायची, तुला किती त्रास होतोय ते दिसतंय मला, याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय, पण मी इथेच बसते. आणि खरंच बसायची. कुलपाबद्दल एक शब्द नाही, बाकी काहीही बोलायचं किंवा गप्प बसायचं. पहिल्या दोन-तीन वेळा मी तरी विचारत राहिलो, तिने तेच वाक्य परत म्हटलं, आवाज न चढवता. आणि एकदम सगळं बंद केलं नाही, आधी दिवसाला तीन वेळा विचारायची मुभा होती, मग एक, मग शून्य. हे आकडे तुमच्या थेरपिस्टबरोबर ठरवा, तुमच्या यादीत ते कुठे बसतं त्याप्रमाणे.

आणि मेल संध्याकाळी उघडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडला नव्हता ना, तेवढे तास वहीत लिहून ठेवा.